भट्टीमामांचे चाळीस मेगावॉट

भट्टीमामांची आणि माझी पहिली भेट अंधारात झाली, आणि तो अंधार त्यांनीच केला होता. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तो पहिला दिवस. खिडकीपुढे कपाट आडवं, दार नुसतं लोटलेलं, मी खोक्यांच्या डोंगरावर घाम पुसत बसलेलो. एवढ्यात केरसुणीच्या बांध्याचे एक गृहस्थ आत शिरले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी बोळातला दिवा मालवला, स्वयंपाकघरातला मालवला, मोरीतला मालवला, आणि शेवटचा गड सर करावा तशा आवेशाने माझ्या डोक्यावरचे दिवा-पंखाही बंद केले. मी चोर म्हणून ओरडणार, तोच काळोखातून आवाज आला.

"दिवसाढवळ्या दिवे? सूर्य काय रजेवर गेलाय? कपाट सरकवा!"

मी मुकाट्याने कपाट सरकवलं. त्यांनी दुसरी बाजू धरली होती, हे नंतर लक्षात आलं.

हा माणूस वीज वाचवायलाच जन्माला आलाय अशी माझी खात्री पटली. आठवड्याने कळलं, की गावाबाहेरच्या पोलाद कारखान्यात ते भट्टीचे मुकादम आहेत आणि आमच्या अख्ख्या गावाला लागते तेवढी वीज एकटे खातात.

ही भट्टी कोळशावर चालत नाही. गंजलेल्या सायकली, मोडके पलंग, कुणाच्या तरी पहिल्या गाडीचं दार, असं पन्नास टन भंगार आत टाकायचं. वरून तीन जाडजूड काळ्या कांड्या खाली सोडायच्या आणि वीज द्यायची. कांडी आणि भंगार यांच्यामध्ये वीज कडाडते, अगदी आभाळातल्यासारखी, फक्त थांबत नाही. चाळीस मेगावॉट. भट्टीने पहिला घास घेतला की गावातले सगळे दिवे क्षणभर डोळा मारतात.

असल्या खादाड पाहुण्याला न विचारता पंगतीला कोण बसवेल? म्हणून पद्धत अशी, की भट्टी पेटवण्याआधी मामांनी वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात फोन लावायचा. तिकडे अठरा वर्षं एकच बाई. मामा विचारणार, "चाळीस घेऊ का?" बाई फलकावर नजर टाकून म्हणणार, "घ्या." किंवा, "दहा मिनिटं थांबा." दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

ही सवय मामांनी घरी आणली. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, काहीही लावायचं तर आधी ओरडून विचारायचं. "इस्त्री घेऊ का?" "घे!" एकदा वैतागून लेकीने आतून विचारलं, "बाबा, श्वास घेऊ का?" मामा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "घे, पण एकदम नको."

मामांना जगात एकाच गोष्टीची भीती होती. अर्धवट वितळलेला माल विजेविना पाऊण तासाहून जास्त राहिला, तर त्याचा भट्टीतच दगड होतो. तो फोडायला महिना जातो, आणि ज्याच्या हातून भट्टी गोठली तो पुन्हा भट्टीवर चढत नाही. मामांच्या आधीच्या मुकादमांनी उरलेली नोकरी फाटकावर ट्रक मोजत काढली. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

आणि त्या उन्हाळ्यात, एका रणरणत्या दुपारी, उलटा फोन आला. हा प्रसंग मामांनी आम्हाला निदान बारा वेळा सांगितलाय, आणि दर वेळी बाईंचा आवाज थोडा जास्त कापरा झालाय.

"मुकादम, एक मोठं जनित्र बंद पडलंय. लगेच मागणी उतरली नाही तर मला गाव बंद करावं लागेल. तुम्ही उतराल का?"

"बाई, भट्टी अर्ध्यावर आहे. खाली रस, वर भंगार."

"ठाऊक आहे. माल वितळत असताना तुमच्यावर सक्ती नाही, असं करारात आहे. म्हणून विचारतेय."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच विचारत बाई होत्या आणि उत्तर मामांना द्यायचं होतं.

"किती वेळ?"

"अर्धा तास. खोटं कशाला सांगू, चाळीस मिनिटंही होतील."

गावात इस्पितळ होतं, पाण्याचे पंप होते, आणि सावलीतसुद्धा बेचाळीस अंश होते. मामा म्हणाले, "घ्या," आणि त्यांनी वीज तोडून कांड्या वर उचलल्या.

साहेब धावत आले. "कुणाला विचारून बंद केलीत?"

"मी कुठे विचारलं? बाईंनीच मला विचारलं."

मग मामांनी झाकण घट्ट लावून घेतलं, फटी बुजवल्या आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा नवरे करतात ते त्यांनी केलं. घरी फोन लावला.

मी तेव्हा हातोडी परत करायला त्यांच्याकडे गेलो होतो. मामींनी फोन घेतला. "काय म्हणता?... स्वतःहून?... आणि गोठली तर?... बरं. पाणी प्या थोडं." फोन ठेवून त्यांनी आधी स्वतःचा पंखा बंद केला, मग दारात जाऊन अशी हाक दिली की कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा उठून बसलं.

"पंखे बंद करा गं सगळ्यांनी! ह्यांची भट्टी थांबलीय!"

पाच मिनिटांत बत्तीसच्या बत्तीस घरं बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. मी शिकलेला मूर्ख. म्हणालो, "मामी, चाळीस मेगावॉटपुढे आपल्या गल्लीचे पंखे म्हणजे हत्तीच्या जेवणात शेंगदाणा."

"असू दे. हे तिकडे जीव टांगून उभे, आणि मी इथे वारा खात बसू? तुम्ही घाम पुसा."

मग त्यांनी आत जाऊन त्या घरात कधी न घडलेली गोष्ट केली. भर दुपारी बोळातला दिवा लावला. "भट्टीने घास घेतला की हा डोळा मारेल," त्या म्हणाल्या. "निरोप कळायला नको?"

आम्ही वर्तमानपत्रांनी वारा घेत त्या दिव्याकडे बघत बसलो. वीस मिनिटं. तीस. पस्तिसाव्या मिनिटाला मामींनी पदर तोंडात धरला. लेक म्हणाली, "आई, ट्रक मोजणं काही वाईट काम नाही," आणि तिला एक धपाटा मिळाला.

अडतिसाव्या मिनिटाला दिव्याने डोळा मारला.

"घेतली!" मामी ओरडल्या. पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. मामींनी डोळे पुसले आणि लगेच दिवा मालवला, कारण नवरा वाचला म्हणून वीज काय फुकट घालवायची? समोरच्या काकूंनी विचारलं, "पंखा घेऊ का?" मामी म्हणाल्या, "घ्या, घ्या. सगळे घ्या!"

कारखान्याने मामांना कडक शब्दांत पत्र दिलं. दोन महिन्यांनी त्याच कारखान्याने, अडचणीच्या वेळी भट्टी अर्धा तास थांबेल, असं नव्या करारात स्वतःहून लिहून दिलं. मग आणखी तीन कारखान्यांनी दिलं. त्यानंतर उन्हाळ्यात आमचं गाव एकदाही बंद पडलेलं नाही. मामा मुकादम म्हणूनच निवृत्त झाले, भट्टी न गोठवता. निरोपाला बाई आल्या होत्या. मामांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "चहा घेणार का?" बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा." मामा घड्याळाकडे बघत बरोबर दहा मिनिटं थांबले.

त्या दिवशीच्या पन्नास टनांच्या सळया झाल्या. त्या सळयांपासून गावातल्या गटारांवरच्या जाळ्या झाल्या. पंखे बंद करून बसलेल्या आमच्या गल्लीच्या वाट्याला त्यातली एकही जाळी आली नाही; आमचं गटार अजून उघडंच आहे.