आर्डिस ‘बंद’ म्हणते तेव्हा

आमच्या खोऱ्यात रस्ता वळत नाही. एकदा पूर्वेला निघाला की आभाळाला टेकेपर्यंत तसाच जातो. दोन्ही बाजूंना बिटांची शेतं, मधेच एखादं धान्याचं उंच कोठार, आणि वर एवढं मोठं आभाळ की माणसाला उगीच टोपी काढावीशी वाटते. समोरून गाडी आली की आम्ही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. अख्खा हात हलवण्याइतके आम्ही उत्साही नाही. नुसत्या त्या बोटावरून मी सांगू शकतो, गाडीत कोण आहे. आर्डिस ट्वेटेनचं बोट तर मी पन्नास वर्षं ओळखतो, कारण तिचं नि माझं शेत लागून आहे.

एकतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली. उत्तर डकोटाचा हिवाळा, समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, मागे चाळीस पोरांचा गोंधळ, आणि या सगळ्यात एकाही पोराला साधं खरचटलं नाही. रेल्वेचे रूळ आले की बसवाल्यांनी थांबायचं, दार उघडायचं, कान द्यायचा आणि मगच पुढे जायचं, असा नियम आहे. बस सोडून नऊ वर्षं झाली, तरी आर्डिस घरच्या गाडीतही रुळांपाशी थांबते, काच खाली करते आणि ऐकते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, म्हणते.

मग तिच्या नवऱ्याची, ऑर्लिनची, मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि त्यासाठी पंचावन्न मैलांवरचं ग्रँड फोर्क्स. आर्डिसचा उजवा गुडघा आधीच गेलेला. ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला की वीस मैलांनंतर आत कुणी खिळा ठोकतंय असं तिला वाटायचं. मिनियापोलिसला विम्याच्या कंपनीत असलेला मुलगा डॅरिन दर रविवारी फोनवर एकच सांगायचा, “आई, घर विका. इस्पितळाजवळ फ्लॅट घ्या.”

त्यांच्या बारा वर्षं जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर क्रूझ कंट्रोलचं बटण पहिल्यापासून होतं. ते दाबलं की पाय काढून घेतला तरी गाडी वेग धरून राहते. आर्डिसनं कधी हात लावला नव्हता. त्या जूनमध्ये तिनं गाडीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि माझ्या शेतावरून रोज संध्याकाळी येरझाऱ्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी मी कुंपणाशी गेलो.

“काय गं, काही हरवलंय का?”

“गुडघा,” ती म्हणाली. “शोधतेय.”

महिन्याभरात तिनं ते यंत्र बसमधल्या पोरासारखं वळणावर आणलं. पाय मोकळा झाला तरी तो ब्रेकशेजारी तयार ठेवायचा, सीटखाली दुमडायचा नाही. पुढे गाडी दिसली, पाऊस आला, बर्फ दिसलं, डोळे जड झाले, की बटण बंद. वस्ती, पूल आणि रूळ यांच्या आधी तर बंदच. प्रत्येक वेळी ती मोठ्यानं म्हणायची, “बंद,” आणि शेजारी बसलेला ऑर्लिन उत्तर द्यायचा, “बंद आहे.” त्याचं ते कामच ठरलं होतं. सुया टोचून घेण्यापलीकडे आपल्याला काही काम आहे, याचा त्याला आनंद होता, असं मला नेहमी वाटायचं.

ऑक्टोबरात डॅरिन आला. कॉफी आणि लेफ्सा, म्हणजे आमच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, समोर असताना त्यानं अट घातली. “एक फेरी मी तुमच्याबरोबर येतो. पटलं तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही पटलं, तर थंडीआधी घर विकायला काढायचं.”

“लेखी देतोस?” आर्डिसनं विचारलं.

“आई!”

“विमेवाला आहेस म्हणून विचारलं.”

मला त्या दिवशी शहरात दाढ काढायची होती, म्हणून मीही गाडीत होतो. जाताना आर्डिसनं चालवलं. रुळांपाशी थांबून तिनं काच खाली केली.

“सिग्नलचे दिवे लागलेले नाहीत, आई. कशाला थांबतेस?”

“दिवे बिघडतात. माझे कान अजून बिघडले नाहीत.”

पुढे बीट उतरवायचा तळ आला. तिथे दोन मजली घरांएवढे ढीग असतात, आणि हंगामात रात्रंदिवस ट्रक येत-जात राहतात. त्यांच्या चाकांना चिकटलेली शेतातली काळी माती रस्त्यावर पडत जाते. सकाळी ती कोरडी होती, नुसती धूळ. तरी आर्डिस म्हणाली, “बंद.” ऑर्लिन म्हणाला, “बंद आहे.” तळ मागे पडेपर्यंत तिनं दुखऱ्या पायानं गाडी सावकाश नेली.

डॅरिननं मोबाइलवर काहीतरी लिहून घेतलं. “अकरा वेळा बंद केलंस, आई. रस्ता सरळ, कोरडा, मोकळा. ही सावधगिरी नाही, ही भीती आहे. येताना मी चालवतो, मग बघ.”

आर्डिसनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. घर गेलं, हे मी ऑर्लिनच्या खाली गेलेल्या मानेवरूनच ओळखलं.

ऑर्लिन डायलिसिसच्या यंत्रावर असताना दुपारी एक सर येऊन गेली. परतीला ऊन पडलं होतं. डॅरिन चालवायला बसला, आई शेजारी, ऑर्लिन आणि सुजल्या गालाचा मी मागे. शहर सुटताच त्यानं ताशी साठ मैलांवर क्रूझ लावलं, पाय आरामात सीटखाली घेतला आणि आमच्या खोऱ्यातला कुठलाही माणूस करतो तेच केलं. तीस वर्षं शहरात काढली, पण सवय जात नाही. तो दुसऱ्याचं पीक बघायला लागला.

“हे शेत अजून नूगार्डचंच का? बीट बारीक दिसतंय यंदा.”

“डॅरिन, तळ आला,” आर्डिस म्हणाली.

“रस्ता सरळ आहे, आई.”

सरळ होता. पण सकाळची धूळ आता साबण झाली होती. गाडी चिखलात शिरली, जरा मंदावली, आणि यंत्राला वाटलं की वेग कमी पडतोय. त्यानं आपणहून जोर लावला. इंजिन किंचाळलं, पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडीचं नाक रस्त्याकडेच्या, पाण्यानं भरलेल्या चराकडे वळायला लागलं. डॅरिनचा पाय सीटखालून निघून ब्रेककडे झेपावला.

“डॅरिन.”

तो बसमधला आवाज होता. चढा नव्हता, पण चाळीस पोरं ज्यानं गप्प बसायची तो. “ब्रेक दाबू नको, घसरेल. बटण बंद कर. स्टिअरिंग रस्त्याकडे, हळू.”

“बंद!” मागून ऑर्लिन ओरडला.

डॅरिनच्या अंगठ्यानं बटण शोधलं. किंकाळी थांबली. चाकांना रस्ता सापडला, नाक सरळ झालं, आणि गाडी आपोआप मंदावत कडेला जाऊन उभी राहिली. चर एक हात लांब होता. समोरून बिटांचा ट्रक गेला, ड्रायव्हरनं एक बोट उचललं. आर्डिसनंही उचललं.

मग डॅरिन म्हणाला, “माझा पाय ब्रेकजवळसुद्धा नव्हता.”

“माहीत आहे. मी सकाळपासून तुझा पायच बघतेय.”

तो उतरला. चांगल्या बुटांनी चिखल तुडवत गाडीला वळसा घालून आला आणि आईचं दार उघडून उभा राहिला. ती उतरेना.

“लेखी,” ती म्हणाली.

त्यानं खिशातून स्वतःचं ऑफिसचं कार्ड काढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: आई गाडी चालवेल, घर राहील. खाली सही केली. ऑर्लिन इतका हसला की त्याला ठसका लागला. मलाही हसायचं होतं, पण अर्धं तोंड बधिर होतं. ते कार्ड गाडीत काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेला खोचलेलं आहे. कुणीही जाऊन वाचावं. त्यानंतरचा कडक हिवाळा खोऱ्यातल्या माणसांना चांगला लक्षात आहे, आणि त्या हिवाळ्यात ऑर्लिनची एकही फेरी चुकली नाही.

पण त्या दिवशीचं अजून राहिलंय. आर्डिस पुन्हा चालवायला बसली, डॅरिन तिच्या शेजारी, म्हणजे ऑर्लिनच्या जागी. चिखल संपून कोरडा रस्ता लागला तेव्हाच तिनं क्रूझ लावलं. मावळतीचं ऊन समोरून येत होतं. घराच्या चार मैल आधी रूळ दिसले.

“बंद,” आर्डिस म्हणाली.

मागून ऑर्लिननं तोंड उघडलं, पण तोवर उत्तर आलं होतं.

“बंद आहे,” डॅरिन म्हणाला, आणि गाडी थांबायच्या आत त्यानं आपल्या बाजूची काच खाली केली. आम्ही चौघं ऐकत बसलो. आगगाडी येत नव्हती. फक्त दक्षिणेला निघालेली रानहंसांची एक लांबच लांब रांग डोक्यावरून ओरडत चालली होती, आणि ती पूर्ण जाईपर्यंत आर्डिसनं पाय ब्रेकवरून काढला नाही.