आईच्या फाईलमधली थरथर

भूतबित मी मानत नाही. फिजिक्स शिकवून पोट भरणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. पण बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर मला त्यांचा हात दिसला. आणि तो आईच्या फाईलमध्ये होता.

बाबांना कंपवात होता. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. जन्मभर सरकारी कारखान्यात तोफांचे सुटे भाग तपासून पास-फेलचा शिक्का मारणारा माणूस, आणि शेवटी शेवटी चहाचा कप बशीत ठेवला की सगळ्या घराला ऐकू जायचं. त्या काळात मी आणि मेंदूविकाराचे एक डॉक्टर मिळून हाताची थरथर मोजणारा मनगटी पट्टा बनवत होतो, खेड्यातल्या दवाखान्यांसाठी. एकदा वापरून कचऱ्यात फेकायचं असं काही त्यात नको, हा आमचा हट्ट. यंत्र उन्हावर चार्ज व्हायचं आणि कापड धुतलं की पट्टा पुढच्या रुग्णाला. ते कापड बाबांच्या जुन्या खाकी युनिफॉर्मचं होतं. आईनेच ते कापून शिवलं होतं, आणि वेल्क्रोही बडा फुहाराच्या बाजारातल्या दुकानदाराशी हुज्जत घालून तिनेच आणलं होतं.

पहिला रुग्ण अर्थात घरचाच. चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरी दर रविवारी दोघं दिवाणावर शेजारी शेजारी बसायची. बाबांच्या मनगटाला एक पट्टा, आईच्या मनगटाला दुसरा. आजारी हाताबरोबर तुलनेसाठी एक निरोगी हात लागतो. कुणी बघत असलं की थरथर वाढते, म्हणून पट्टे बांधून झाले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. बाबांचा माझ्या यंत्रावर माझ्याहून जास्त जीव. आज पास झालं का तुझं मशीन, असं ते दर वेळी विचारायचे.

ते असेपर्यंत आईच्या पट्ट्याच्या नोंदींची फाईल मी कधी नीट उघडलीच नव्हती. निरोगी माणसाकडे कोण बघतं? आणि ते गेल्यावर तर काहीच उघडवेना. शेवटी डॉक्टरांनी अहवाल मागितला तेव्हा बसले. स्क्रीनवर आईच्या हाताची रेघ सपाट चालली होती, ती मध्येच थरथरायला लागली. थोडा वेळ तशीच राहिली, मग पुन्हा सपाट. बाबांचाच वेग, बाबांचाच ठेका.

डॉक्टरांना दाखवलं. सुरुवातीला हा आजार असाच येतो-जातो, म्हणाले. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "माताजी को ले आइए।"

पुढचे दिवस फार वाईट गेले. आई सुईत दोरा ओवताना, पोळी उलटताना मी चोरून तिच्या हाताकडे बघायचे. हात अगदी स्थिर. पण मला बशी वाजल्याचा आवाज यायचा. आई अजूनही संध्याकाळी बाबांचा कप काढायची, सांडू नये म्हणून अर्धाच भरायची, आणि तो टेबलावर गार होत राहायचा. त्या कपाला कुणी हात लावत नव्हतं, तरी तो वाजायचा. बाबांचं सगळं मी बघितलं होतं. आधी सही गेली, मग शर्टाची बटणं, मग घास. आता तेच पहिल्यापासून आईचं बघायचं, या भीतीने मी घरात दबकून वावरत होते.

ते तिच्याच लक्षात आलं. "काहून अशी पाहून राहिली माझ्याकडे? तुझ्या वाटचं खाल्लं का मी काही?"

मग मी सगळं सांगितलं. ती घाबरली नाही, ओशाळली.

"अगं, ती थरथर माझी नाही. तू आत गेली की मी त्यांचा हात धरून ठेवायची. कमी हलावा म्हणून. दमली की सोडायची. त्यांना वाटायचं, जास्त हललं तर पोरीचं मशीन फेल होईल."

मला हसू आलं, आणि रागही आला. या यंत्राला थरथर हवीच आहे, असं मी बाबांना कितीदा समजावलं होतं. ते मान डोलवायचे. पण त्यांच्या कारखान्यात हलणारा, डुगडुगणारा भाग कधी पास झाला नव्हता, आणि ते शिक्षण माझ्या शिकवण्याहून जुनं होतं.

तरीही भीती गेली नाही. माझी काळजी मिटावी म्हणून आई बेधडक खोटं बोलू शकते. दोन पट्ट्यांची घड्याळं जुळवलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही फाईली शेजारी ठेवूनही काही सिद्ध होत नव्हतं. शेवटी धरलेल्या हाताची थरथर धरणाऱ्याच्या पट्ट्यात उतरते का, ते करून बघणं हाच मार्ग उरला. आमच्याकडे एक शेकर आहे. स्पीकरसारख्या यंत्रावर बसवलेली ॲल्युमिनियमची पाटी, रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या वर्कशॉपमधून कापून आणलेली. तिला कुठलीही नोंद दिली की ती तशीच हलते. पट्टे बरोबर मोजतात का, ते आम्ही तिच्यावर तपासतो.

मी आईला प्रयोगशाळेत नेलं. पट्टा बांधला, हात पाटीवर ठेव म्हटलं आणि बाबांची फाईल लावली.

पाटी थरथरू लागली. खोलीत आम्ही दोघीच होतो आणि ठेका तिसऱ्याचा होता. आईने हात मागे घेतला नाही. उलट दुसराही हात वर ठेवला, थोडी वाकली, आणि दबक्या आवाजात त्या पाटीला म्हणाली, "हळू जी. पोरगी पाहून राहिली."

मला तिच्याकडे बघवेना. मी स्क्रीनकडे बघितलं. तिथे आईच्या हाताची रेघ उमटत होती, हुबेहूब त्या रविवारांसारखी. मग फाईल संपली, पाटी थांबली, आणि रेघ सपाट झाली. सपाटच राहिली. इतके दिवस मी देवाकडे हीच रेघ मागत होते. आईचा हात ठणठणीत होता. आणि मला रडू आवरेना, कारण त्या रेघेत आता बाबा कुठेच नव्हते.

आईने हात उचलले नव्हते. "एकदा आणखी लावते का?" ती म्हणाली.

एकदा करून कुठलाच प्रयोग पुरा होत नाही, असं मी वर्गात नेहमी सांगते. मी डोळे पुसले आणि फाईल पुन्हा लावली.