काकूंची उबदार खोली
हीटरवर जळणाऱ्या धुळीचा वास आला की दोन हजार सतरामधलं कॅनडातल्या ब्रॅम्पटनचं ते बेसमेंट आठवतं. इतकं गार, की चहा ओतेपर्यंत त्याची कुल्फी व्हायची. तिथे एकट्या राहणाऱ्या काकूंसाठी घर गरम ठेवायला वीज कंपनी देते त्या मदतीचा फॉर्म मीच भरला होता. पाहणीला बाई येणार म्हणून काकूंनी पैठणी नेसली, उसन्या हीटरने खोली तापवली, चकल्या मांडल्या. मी म्हटलं, "काकू, आज कुडकुडायचं असतं!" "पाहुण्यांसमोर? काहीतरीच तुझं!" बाईंनी विचारलं, थंडी वाजते का? काकू हसल्या, "नो नो, व्हेरी कम्फर्टेबल." बाईंनी तेच लिहून घेतलं. एरवी हत्तीला पंख लावणारा मी चकली मोडत गप्प बसलो. मदत नाकारली गेली. काकू एप्रिलपर्यंत विंटर जॅकेट घालून झोपल्या. आयुष्यात हजार थापा मारल्या, त्यांचं काही वाटत नाही. त्या दिवशी खरं बोललो नाही, ते अजून टोचतं.