पोपटाची मान

आमच्या शेजारचे मसालेवाले कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावायचे. त्यांच्या पोपट छाप मसाल्याचं रिकामं पाकीट दिसलं की ते उचलायचे आणि बरोबर पोपटाच्या मानेवर टर्रकन फाडायचे.

"अहो, यात कुणी भुसा भरून विकला तर? छाप रजिस्टर केली म्हणजे झालं नाही, राखावी लागते."

आम्ही हसायचो. माझ्या बायकोला मात्र त्यांचा राग यायचा.

दोन हजार सालच्या आसपास त्यांच्या धाकट्या भावाने सटाण्याला मसाल्याचं वेगळं कांडप टाकलं आणि पाकिटावर तोच पोपट छापला. वकिलाची नोटीस घेऊन हे स्वतः निघाले, सोबतीला मला नेलं. भावाच्या हातात नोटिशीचं पाकीट ठेवून म्हणाले, "आधी जेवू. मग वाच."

वाचून झाल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, मी काय परका आहे?"

"परका असतास तर टपालाने पाठवली असती. पण आज तुला सोडलं, तर उद्या परक्याला कुठल्या तोंडाने अडवू?"

निघताना भावजय दारात आली. "भाऊ, मसाला तर लई जा," म्हणत तिने एक भरलेलं पाकीट पुढे केलं.

यांनी तिच्याकडून एक डबा मागून घेतला, मसाला त्यात ओतला आणि रिकामं पाकीट तिच्यासमोरच फाडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत त्यांनी डबा उघडून नाकाशी धरला. बराच वेळ झाकण लावेनात.

"अगदी आईच्या हातचा," ते म्हणाले.