दोन आठवड्यांची मुदत

११ जानेवारी १९९८, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. नगरच्या एका रुग्णालयात मी वहीत नोंद केली: वडील, बिलिरुबिन ११.४; काविळीचे हे माप एकच्या आसपास हवे. कावीळ, घटलेले वजन आणि सीटी स्कॅनवर सुजलेले स्वादुपिंड पाहून सर्जननी कर्करोग गृहीत धरला होता आणि मोठी शस्त्रक्रिया सुचवली होती. मी तेव्हा पुण्यात पॅथॉलॉजी शिकत होते, रजा घेऊन आले होते. मला तीन गोष्टी खटकल्या. सूज एका जागी नसून संपूर्ण ग्रंथीत होती, रक्तातले ग्लोब्युलिन हे प्रथिन वाढलेले होते आणि सुईने काढलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते, अशा आजारावरचे जपानी डॉक्टरांचे लेख नुकतेच येऊ लागले होते. त्यांच्या झेरॉक्स प्रती मी सर्जनपुढे ठेवल्या. त्यांनी स्टेरॉइडला दोन आठवडे दिले. मात्र त्या गोळ्यांनी रक्तातली साखर चढते; ती आवरली नाही, तर गोळ्या बंद आणि शस्त्रक्रिया.

सहाव्या दिवशी बिलिरुबिन ७.२ झाले, पण साखर ३८०. इन्सुलिन वाढवूनही ती हलेना. शस्त्रक्रियेची तारीख निघू लागली. वडील खाटेवरून म्हणत, "बाई, वही ठेव अन् बस जरा." मी "आलेच" म्हणून प्रयोगशाळेकडे वळे.

नवव्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर पोहोचले, तर आई त्यांना किटलीतून उसाचा रस पाजत होती. मामा तो रोज नेवाशाहून पहिल्या एसटीने आणत. कावीळ झाली की आमच्याकडे रस देतातच. लहानपणी मीही प्यायले होते. तरीही विचारायचे मला सुचले नव्हते.

"साखर बंद सांगितली हुती," आई म्हणाली. "रसाचं कुनी बोललंच न्हाई."

वडील मिशीत हसले. "हिच्या वहीत रसाला रकाना न्हाई वाटतं."

रस थांबला, साखर उतरली आणि चौदाव्या दिवशी शस्त्रक्रिया रद्द झाली. त्याच निदानाच्या बळावर मला दूरच्या शहरात संशोधनाची जागा मिळाली. ते आणखी बारा वर्षे जगले; ती इतरांनी पाहिली. मला आज हवी आहेत ती त्या खाटेच्या कडेवरची पाच मिनिटे. त्यांना काय सांगायचे होते, ते मी कधी विचारले नाही. मार्चमध्ये निघण्याच्या दिवशी घरीच त्यांचे रक्त घेतले. बाही खाली ओढत ते काहीतरी बोलू लागले. मी नळीवर चिठ्ठी चिकटवत होते. नंतर वहीत नोंद केली: बिलिरुबिन ०.९.