आधी टर्न किती ते सांगा

अण्णा गेल्याची बातमी अण्णांच्याच नंबरवरून गेली. दुसरा इलाज नव्हता. सकाळी साडेसातला मी त्यांचा मोबाईल हातात घेतला, त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘अण्णा आज पहाटे गेले. अकरा वाजता काष्टीला अंत्यविधी,’ आणि पाठवून दिलं. पहिलं उत्तर आलं, ‘अण्णा, सकाळी सकाळी कसली चेष्टा?’ दुसऱ्याने हसरं तोंड पाठवलं. शेवगावच्या बबनरावांनी विचारलं, ‘कोण अण्णा?’ त्यांचंही चुकलं नाही. चार वर्षं या नंबरवरून अण्णाच बोलत होते, मग अण्णा गेले हे अण्णाच कसे सांगतील? तेव्हा मी लिहिलं, ‘मी त्यांची धाकटी बहीण इंदुबाई. बातमी खरी आहे. त्यांचं सगळं मीच लिहायचे.’ बातमी एका दमात लिहिली होती, ही ओळ मात्र तीनदा खोडून लिहिली. चारचौघांत मी कधी बोलत नाही. लग्नकार्यातसुद्धा भाजी निवडायला बसते ती पंगत उठेपर्यंत तिथेच.

अण्णांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान बाजाराच्या रस्त्याला. विहिरीवरची, बोअरवरची, गिरणीची, कुठलीही मोटार जळाली की लोक ती नवी तार भरून घ्यायला टेम्पोत टाकून त्यांच्याकडे आणायचे. माझे मालक वारल्यावर मी माहेरी आले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. वहिनीही लवकरच गेल्या. घरात बसून काय करायचं म्हणून मी दुकानात येऊ लागले. आधी नुसता मोटारीच्या खाचांत घालायचा कागद कापायचे, मग तारेची कॉईल भरायला शिकले. अण्णांचा एकच नियम होता. जळालेली मोटार उघडली की जुनी कॉईल तोडायच्या आधी तिच्या तारेचे फेरे मोजायचे. त्याला आम्ही टर्न म्हणतो. टर्न चुकले की मोटार तापते आणि आठ दिवसांत पुन्हा जळते. ते म्हणायचे, “इंदे, मेलेली मोटार बी खरं बोलती. फकस्त आधी इचारावं लागतं.” प्रत्येक मोटारीचे टर्न मी वहीत उतरून घ्यायचे. मी चौथी शिकलेली, पण आकडा माझा कधी चुकला नाही. अण्णा मात्र वही उघडायचेच नाहीत. त्यांना सगळं पाठ होतं.

तो ग्रुप त्यांनीच काढलेला. आसपासच्या तालुक्यांतले चाळीस-पन्नास मिस्त्री त्यात होते. कोणाला एखाद्या मोटारीचं गणित अडलं की फोटो टाकायचा, बाकीच्यांनी सांगायचं, एवढ्यासाठी. पण व्हायचं असं की बबनराव फोटो टाकायचे आणि विचारायचे, ‘साडेसात एचपीची मोटार, तारेचं गेज किती घेऊ?’ कोणी म्हणायचं, अमुक जाडीची घ्या. लगेच दुसरा म्हणायचा, तार घ्यायची कशी, तांब्याचा भाव कुठच्या कुठे गेलाय. तिसरा म्हणायचा, ते लढाईमुळे. चौथा विचारायचा, लढाई सुरू कोणी केली? झालं! मग रशिया, अमेरिका, चीन सगळे दुकानात येऊन बसायचे. कोणी बातमीचा तुकडा टाकायचं, कोणी त्याला खोटं ठरवायचं. दोन तासांनी बबनराव पुन्हा बिचकत लिहायचे, ‘दादाहो, गेज…?’ हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

या भांडणांत सगळ्यात पुढे अण्णाच. पण साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली होती. कॉईल ते बोटांनी भरायचे, तार गुंडाळायच्या हातमशीनचा दर फेऱ्याला होणारा टक आवाज ऐकून टर्न मोजायचे, वाचणं-लिहिणं मात्र बंद झालेलं. आवाजाचा संदेश पाठवायला ग्रुपवर बंदी, आणि ती बंदी त्यांचीच. मळ्यात पंपाच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार म्हणून त्यांनी नियम केला आणि स्वतःच त्यात अडकले. मग ते बोलायचे आणि मी लिहायचे. दुकानाच्या भिंतीवर बाजारातून आणलेला जगाचा नकाशा होता. एकदा अण्णांचं वार्निशने माखलेलं बोट त्यावर टेकलं आणि समुद्रात एक टणक पिवळा ठिपका पडला. नजर गेल्यावर तो ठिपका चाचपून ते देश सांगायचे. “ठिपक्याच्या वर चार बोटं. काय लिव्हलंय तिथं?” मी वाचून दाखवायचे. तालुक्याबाहेर फार न गेलेल्या मला सगळ्या जगाचे देश असे बोटांच्या मापाने माहीत झाले.

लोक या बोलण्याला हसायचे. म्हणायचे, मोटारी भरणाऱ्यांना कशाला पाहिजेत जगाच्या उठाठेवी? मला ते कधीच पटलं नाही. ज्याच्या हातातली तार कुठल्या कुठल्या देशातून येते, त्याने तिथे काय चाललंय ते विचारूच नये का? अण्णांनी विचारलं, हे चांगलंच केलं. फक्त आपल्या शब्दाने जवळच्या माणसाला काय लागेल, हे विचारायचं त्यांचं राहून गेलं… आणि ते माझ्याही हातून राहिलं.

कोपरगावचे दिनकरभाऊ म्हणजे अण्णांचे जुने सोबती. दोघे एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकले. पुढे दिनकरभाऊ तिकडे साखर कारखान्यात लागले. आयुष्यभर दोघांनी एकमेकांना अरे-तुरे केलं आणि एकमेकांची कॉईल कशी वाकडी हे सांगितलं. गेल्या वर्षी ग्रुपवर एका लढाईवरून दोघांची जुंपली. कोणाचा मुलूख कुठपर्यंत, यावरून. दिनकरभाऊंनी लिहिलं, ‘ज्याला दिसत नाही त्याने नकाशा शिकवू नये.’ मी ते वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, पण मी कधी काही गाळून वाचलं नव्हतं. अण्णांनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, “लिही. ज्याला आजपातूर स्टार-डेल्टा नीट जोडता आला न्हाई, त्यानं दुसऱ्याच्या देशाच्या हद्दी जोडू न्हाईत.” स्टार-डेल्टा म्हणजे मोटारीच्या तारा जोडायची रीत. उमेदीच्या काळात दिनकरभाऊंनी ती जोडणी एकदा चुकवली होती आणि कारखान्याची मोटार जाळली होती. त्यापायी त्यांची नोकरी जाता जाता वाचली. ग्रुपवर हे अण्णांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. माझं बोट बटणावर थांबलं.

“धाडलंस का?” अण्णांनी विचारलं.

मी पाठवलं. पन्नास माणसांनी ते वाचलं. पाच मिनिटांत दिनकरभाऊ ग्रुप सोडून गेले.

आठ महिने दोघांत शब्द नाही. अण्णा एरवीसारखेच जगाशी भांडत होते, पण भांडणात दम नव्हता. मोबाईल वाजला की विचारायचे, “कोन हाय?” मी नाव सांगितलं की “हं” म्हणायचे. ते कोणाच्या नावाची वाट बघतात हे मला कळत होतं. “फोन लावू का?” असं मी एकदा विचारलं. “त्यो मला आंधळा म्हनला. मी त्याला लावू?” असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. पुढे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की किडन्या थकल्यात, आता फार दिवस धरू नका. त्या दिवशी मला एकच चिंता लागली. हा माणूस दिनकरभाऊंशी न बोलता गेला तर? ते शब्द त्यांचे होते, पण बटण मी दाबलं होतं.

अण्णा जेवून पडले होते. मी दुकानात बसले आणि दिनकरभाऊंच्या नंबरवर अण्णांच्या नावाने लिहिलं, ‘उस्तादांकडच्या त्या पंधराच्या मोटारीचे टर्न किती होते रे? आठवत नाही.’ माफी मागावी तर अण्णा मागणार नाहीत आणि दिनकरभाऊंना ती खरी वाटणार नाही, हे मला माहीत होतं. पण या धंद्यातला माणूस टर्न विचारल्यावर गप्प बसत नाही. मग विचारणाऱ्याचा कितीही राग असो. चहाचं आधण उकळायच्या आत उत्तर आलं. ‘बावीस. डबल तार. विसरला काय म्हाताऱ्या?’ थोड्या वेळाने अजून एक ओळ आली. ‘डोळ्यांचं कसं हाय?’ मी लिहिलं, ‘एकदा ये.’

पुढच्या बाजाराच्या दिवशी दिनकरभाऊ दुकानाच्या पायरीवर उभे. हातात पेरूंची पिशवी. अण्णा मशीनवर होते. पावलांवरूनच त्यांनी ओळखलं असणार, कारण मशीनची मूठ थांबली. दिनकरभाऊ म्हणाले, “काय रं, माझ्याबिगर टर्न बी आठवंना व्हय तुला? पंधराच्या मोटारीचे बावीस, हे इसरायची गोष्ट हाय का?”

मी कागद कापत होते, ती तशीच राहिले. त्या मोटारीवर अण्णा पहिल्यांदा शिकले होते. मला शिकवायला बसवलं तेव्हा पहिला आकडा तोच सांगितला होता. तो ते विसरणं म्हणजे स्वतःचं नाव विसरणं. अण्णांनी मान माझ्या दिशेने वळवली. त्यांना मी दिसत नव्हते, पण कुठे बसते ते ठाऊक होतं. मग त्यांनी मशीनची मूठ सोडली.

“व्हय रं दिन्या,” ते म्हणाले. “इसरलो हुतो.”

मग लगेच मला म्हणाले, “इंदे, च्या टाक. साखर जादा टाक, साखर कारखान्याचा मानूस हाय.” दिनकरभाऊ म्हणाले, “आन ह्याच्यात टाकू नगा, ह्याच्या अंगातच कारखाना हाय.” दोघे खोकेपर्यंत हसले. चहा संपायच्या आत तीच लढाई पुन्हा सुरू झाली. दिनकरभाऊंनी अण्णांचं बोट धरून नकाशावर टेकवलं, “हे बघ तुझा मुलूख!” अण्णांनी ठिपका चाचपला, चार बोटं मोजली आणि म्हणाले, “लबाडा, ह्यो समुद्र हाय.” संध्याकाळच्या एसटीपर्यंत दोघे भांडले. कोणीच हरलं नाही. जाताना दिनकरभाऊंनी माझ्याकडून पुन्हा ग्रुपमध्ये घालून घेतलं. नंतर मी अण्णांना काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कॉईल भरता भरता म्हणाले, “इंदे, पंधराच्या मोटारीचे टर्न किती?”

“बावीस. डबल तार.”

“ध्यानात ठेव,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते सहा आठवडे राहिले. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला दिनकरभाऊ आले होते. घरी जाताना दुकानात एकटेच गेले, नकाशावरच्या ठिपक्याला बोट लावून उभे राहिले आणि न सांगता निघून गेले.

अण्णा जाऊन आज पाच आठवडे झाले. दुकानात मशीनवर अण्णांनी लावलेली कॉईल तशीच होती. पाच एचपीची मोटार, पहिलीच कॉईल, मशीनच्या खिडकीत आकडा एकतीस. जुन्या कॉईलचे टर्न त्यांनी बोटांनी मोजले होते. मी त्या दिवशी डॉक्टरांकडे त्यांचे कागद आणायला गेले होते, म्हणून वहीत उतरले नाहीत. जुनं तांबं तोडून झालेलं. आता एकतीसच्या पुढे किती, हे फक्त अण्णांना माहीत. मोटारीचे मालक दोनदा येऊन गेले. म्हणाले, “राहू द्या मावशी, दुसरीकडं नेतो.” मी म्हणाले, “चार दिवस थांबा, मी भरून देते.” माझ्या तोंडून एवढं स्पष्ट कसं निघालं, मलाच नवल वाटलं.

काल दुपारी ग्रुप उघडला. कोणाच्या तरी स्टार्टरवरून गोष्ट सुरू होऊन सगळे चीनला पोचले होते. एकमेकांची अक्कल काढत होते. मी मोटारीवरच्या माहितीच्या पट्टीचा आणि आतल्या खाचांचा फोटो काढला आणि लिहिलं, ‘मी इंदुबाई. पाच एचपी, चोवीस खाचा, वीस गेज. अण्णांचं काम एकतीसवर थांबलंय. आधी टर्न किती ते सांगा, मग भांडा.’

चार वर्षांत माझ्या नावाने मी विचारलेला हा पहिला प्रश्न. मग बबनरावांनी लिहिलं, ‘ताईंचं आधी.’ कोणी अठ्ठेचाळीस म्हणालं, कोणी पन्नास. मग दिनकरभाऊ आले. ‘फोटोवरून सांगू नका रे. ताई, आतल्या लोखंडी कोअरची लांबी पट्टीने मोजून सांगा.’ मी मोजली, सांगितली. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं, ‘बावन्न. अण्णाने बी हेच मोजले असते.’ त्याच्या खाली, ‘आणि पुढच्या वेळी काही अडलं तर तुमच्याच नावानं इचारा. मागल्या खेपेसारखं नगं.’

म्हणजे त्या दिवशी टर्न मीच विचारले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते मला त्या दिवशी कळू दिलं नाही.

मी मोबाईल नकाशाखालच्या फळीवर ठेवला. तो वाजत होता, म्हणजे चीन परत सुरू झालं असणार. भांडू देत, नंतर वाचीन. अण्णांच्या स्टुलावर बसले, तार ताणून धरली आणि मूठ फिरवली. टक असा आवाज झाला. खिडकीत बत्तीस आलं.