चारही सिलिंडर सारखेच

दोघे भाऊ एकाच गॅरेजात. गिऱ्हाइकं थोरल्याला मोठे मिस्त्री म्हणत, धाकट्याला छोटे मिस्त्री. छोट्याचं डोकं कापसासारखं पांढरं, पोट थोरल्याच्या दुप्पट, तरी तो छोटाच. "मेल्यावर तरी मला मोठं करा रे," असं तो कुरकुरायचा, आणि थोरला गाडीखालून म्हणायचा, "आधी मी मरतो, मग तुझा नंबर."

इंजिनाचा दम, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजायची त्यांची एक रीत होती. चारही प्लग काढायचे, प्लगच्या भोकात छोट्यानं मीटर घट्ट बसवायचा आणि मोठ्यानं सीटवर बसून सेल्फ मारायचा. छोट्यानं नुसतं "हं" म्हणायचं. सेल्फ फिरायचा, काटा उड्या मारत चढायचा. पुन्हा "हं", पुढचा सिलिंडर. सगळं आयुष्य या एका 'हं'वर चाललं होतं.

मीटर वाचायला थोरल्यानंच शिकवलं. "आकडा किती, ते मागनं. चौघं एकमेकांशी कसे वागतात ते आधी बघ. एकटा पडला तर दुखणं त्याचं. शेजारचे दोघे पडले तर दोघांमधली भिंत फुटली, म्हणजे हेडचं गॅस्केट गेलं. आणि टर्बोवाली गाडी असली तर आकडा बघून बोंबलू नकोस. तिला वरनं हवा कोंबलेली मिळते, म्हणून तिचा आपला दम मुळातच कमी ठेवलेला असतो. साध्या गाडीला पावणेदोनशे, तर हिला एकशेतीस-पस्तीस म्हणजे ठणठणीत."

मग थोरल्याचे हात कापायला लागले. आधी चहाचा पेला, मग पाना. बारीक कामं छोट्यानं गुपचूप आपल्याकडे ओढली. थोरल्याला ते कळत होतं, आणि थोरल्याला कळतंय हे छोट्यालाही कळत होतं.

तरीही एका फोटोग्राफरच्या जुन्या टर्बो गाडीचं इंजिन थोरल्यानं एकट्यानं बांधलं. कुणाला हात लावू दिला नाही. दम कोंडून धरणाऱ्या, ऑइल वर येऊ न देणाऱ्या रिंगा पिस्टनवर चढवताना कपाळावरून घाम गळत होता. गाडी सुरू झाली तेव्हा फाटक्या बनियनला हात पुसत तो लहान पोरासारखा हसला.

थोड्याच महिन्यांत फोटोग्राफर परत आला. "मिस्त्री, मागनं निळा धूर येतोय. मागचा स्कूटरवाला मला शिव्या देतो."

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थोरल्याचा चेहरा उतरला.

"तू मोज," तो छोट्याला म्हणाला. "मी बसत नाही. रिंगा माझ्या हातच्या आहेत. आकडा पडला तर आजपासून पाना खाली ठेवला."

"अरे दादा, असं काय बोलतोस?"

"मोज म्हटलं ना!"

तो मागच्या खोलीत गेला आणि सेल्फचा आवाज कानावर पडू नये म्हणून त्यानं रेडिओ मोठा केला. किल्ली फिरवायला वहिनी आल्या. दार उघडं, दोन्ही पाय बाहेर सोडलेले, अंग तिरकं. "भावजी, लवकर आटपा, कुकर लावलाय."

"हं," छोटा म्हणाला.

वहिनींनी किल्ली फिरवली. काटा नव्वदीपाशी दमला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसेच. छोट्यानं प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइलनं रिंगेची फट तात्पुरती बुजते; आकडा वाढला तर रिंगा गेल्या. आकडे वाढले. शंभराच्या जरा वर.

त्यानं मागच्या खोलीत जाऊन रेडिओ बंद केला.

"किती?"

"नव्वद."

"कुठला?"

"चारही. सारखेच."

"ऑइल घालून?"

"वाढला, दादा."

थोरला आपल्या हातांकडे बघत राहिला. उलटतपासणी नाही, चिडचिड नाही. ज्या गोष्टीची भीती होती ती कुणीतरी मोठ्यानं बोलून दाखवली, एवढंच जणू झालं होतं. "चारही," तो म्हणाला. "एक तरी नीट बसवायची होती की रे मी." दुसऱ्या दिवसापासून तो गॅरेजात आला नाही.

छोट्यानं इंजिन उतरवलं. हेड काढलं, पिस्टन उपसले आणि तो खालीच बसला. सिलिंडरच्या भिंतीवर नव्या घासणीच्या तिरक्या रेघा जशाच्या तशा होत्या; रिंगा वाईट बसल्या असत्या तर त्या कधीच पुसल्या असत्या. रिंगांची तोंडं एकमेकींपासून वळवून, जिथल्या तिथं. तो स्वतःही इतकं नेटकं बसवू शकला नसता. मग त्यानं टर्बोचा पाइप उघडला. आतून ऑइल ओघळलं. टर्बोचं सील गेलं होतं. धूर तिथला होता.

मग नव्वद का?

त्याला वहिनींचे पाय आठवले. दोन्ही बाहेर, चप्पल अंगठ्यावर लोंबणारी. मोजताना अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तळापर्यंत दाबून धरावं लागतं, नाहीतर हवेची वाट बंदच राहते आणि चांगलं इंजिनही गुदमरतं. त्याच्या 'हं'बरोबर थोरल्याचा पाय आपोआप पेडलवर जायचा. "पेडल दाब" असं त्या गॅरेजात कुणी कधी बोललंच नव्हतं. आणि ऑइलचं काय, चांगल्या इंजिनातही घातलं तरी आकडा थोडा चढतोच.

तो तसाच काळ्या हातांनी घरी धावला. रिंगांसकट पिस्टन थोरल्याच्या मांडीवर ठेवला.

"दादा, रिंगा चोख आहेत. चूक माझी. वहिनींचा पाय पेडलवर नव्हता, मी सांगितलंच नाही. सील गेलंय टर्बोचं!"

थोरल्यानं रिंगेवरून बोट फिरवायचा प्रयत्न केला. बोट थडथडत घसरलं.

"कुणाचा आहे हा?"

"त्याच गाडीचा!"

"बरं," थोरला हसला. "लहानपणीही असाच होतास. काच मी फोडायचो आणि मार तू खायचास. माझं मन राखू नकोस रे आता."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा. पाय कुठं होते तुमचे?"

"बाहेरच होते हो," वहिनी म्हणाल्या.

थोरल्यानं बायकोकडे बघितलं, मग भावाकडे. "दोघांनी मिळून ठरवलंय वाटतं," असं म्हणून त्यानं पिस्टन परत केला.

छोट्यापुढे एकच वाट उरली. त्यानं सील बदललं, त्याच रिंगा, तेच पिस्टन, जसे निघाले तसेच बसवले, आणि थोरल्याला धरून गॅरेजात आणून मीटरसमोर स्टुलावर बसवलं. वहिनी या वेळी सीटवर सरळ बसल्या, पाय पेडलवर दाबून. "हं." एकशे पस्तीस. चारही सिलिंडर, सारखेच.

"बघ!" छोट्याचा आवाज चिरकला. "बघ, दादा! तुझंच आहे हे, काहीसुद्धा बदललं नाही मी!"

थोरल्यानं काट्याकडे बघितलं. मग आपला कापणारा हात भावाच्या खांद्यावर ठेवला.

"छान बांधलंस रे," तो म्हणाला.